फुफ्फुसातल्या गाठीचा तुकडा: आधी कुठून घ्यायचा, मग कसा

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे ५८ वर्षांचे शेतकरी, तीस-पस्तीस वर्षांची विडीची सवय. चार महिन्यांपासून खोकला, वजन उतरलेले. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी एक्स-रेवरच्या डागावरून दोन महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधे, चालली आणि काही फरक पडला नाही. आता सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात साडेचार सेंटिमीटरची गाठ आहे, छातीच्या मधोमध लसिकाग्रंथी वाढल्या आहेत आणि उजव्या बाजूला थोडे पाणी आहे. एका डॉक्टरांनी सीटीखाली सुईने तुकडा घ्यायला सांगितले, दुसऱ्यांनी श्वासनलिकेत दुर्बीण, तिसऱ्यांनी नागपूरला जाऊन ईबस (सोनोग्राफीची दुर्बीण). मुलाने विचारले आहे की यातले बरोबर कोणते, आणि सुई लावल्याने आजार पसरतो का.

पसरण्याचे आधी सांगायला हवे, कारण या एका भीतीपायी आपल्याकडच्या गावांतले पेशंट दोन-दोन, तीन-तीन महिने घरी बसून राहतात. बाहेरून फुफ्फुसाला सुई लावल्यावर सुईच्या वाटेत कॅन्सरच्या पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण त्यांचे प्रमाण हजारात एकापेक्षाही कमी आहे. तपासणीनंतर माणूस खालावलेला दिसतो, तो आजार मुळातच उशिरा हाती आलेला असतो म्हणून. तुकड्याशिवाय केमो, शेक किंवा गोळी यातले काहीही सुरू करता येत नाही आणि कोणी सुरू करू म्हणाले तर ऐकू नये. लहानशी, एकटी, कडेची गाठ असेल, संशय दाट असेल आणि माणूस ऑपरेशनला धडधाकट असेल तेव्हा कधी कधी सर्जन थेट गाठच काढतात. तुमच्या वडिलांचा प्रकार तो नाही.

तिन्ही डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धती चुकीच्या नाहीत. पण तिघांच्याही आधीचा प्रश्न राहून गेला आहे. कोणत्या सुईने, हे नंतर ठरते. शरीरातल्या कोणत्या जागेतून, हे आधी ठरवायचे. ज्या जागेचा तुकडा घेतल्याने आजाराचे नाव आणि आजाराचा टप्पा दोन्ही एकदमच कळतील, आणि जी जागा गाठायला सगळ्यात कमी त्रास, ती जागा पहिली. या हिशेबाने वडिलांच्या बाबतीत फुफ्फुसातल्या मोठ्या गाठीचा नंबर तिसरा लागतो. पहिला मानेचा, दुसरा पाण्याचा.

मान कोणीतरी नीट तपासली आहे का? पेशंटला खुर्चीवर बसवून, खांदे सैल सोडायला सांगून, मागे उभे राहून हसळीच्या हाडामागच्या खोलगट भागात बोटे दाबत न्यायची, आणि पेशंटला हलकेच खोकायला सांगायचे. वाटाण्याएवढी टणक गाठ तिथे बोटाला लागते. बोटाला लागली नाही तरी मानेची सोनोग्राफी करून घ्यावी. त्यात चाचपून न कळणाऱ्या गाठी दिसतात. गाठ मिळाली तर २२ किंवा २३ गेजच्या (आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक) साध्या सुईने एफएनएसी, म्हणजे पेशी ओढून घेऊन करायची तपासणी, दहा मिनिटांत होते, भूल लागत नाही, जिल्ह्याच्या ठिकाणीच होते. तिथे कॅन्सर निघाला तर निदानही झाले आणि आजार किमान तिसऱ्या टप्प्याच्या उत्तरार्धात आहे हेही कळले. एक मात्र सांभाळायचे. आपल्या भागात मानेतल्या गाठी टीबीच्याही असतात, म्हणून सुईतला थोडा भाग सलाइनमध्ये ठेवून सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या जनुकीय चाचणीला, पाठवावा. आणि एफएनएसीत कॅन्सर दिसला तर त्याच गाठीचा जाड सुईने तुकडा घेऊन ठेवावा, कारण पुढच्या तपासण्यांना नुसत्या पेशी पुरत नाहीत.

आता पाणी. थोडेसे आहे म्हणून ते सोडून द्यायचे नाही. सोनोग्राफीने जागा पाहून, खूण करून, ५० ते ६० मिली पाणी सायटोलॉजीला, म्हणजे पेशींच्या तपासणीला, पाठवावे. चाचणी नळीतले पाच मिली पाठवून ‘पाण्यात काही नाही’ असा रिपोर्ट घेऊन येणारे पुष्कळ असतात. एवढ्याशा पाण्यात शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. प्रयोगशाळेला ‘सेल ब्लॉक करा’ असे फॉर्मवर लिहून द्यावे. म्हणजे पाणी फिरवून तळाशी बसलेल्या पेशींचा मेणात ठोकळा करतात, आणि मग त्यावर तुकड्यासारख्याच सगळ्या तपासण्या करता येतात. पाणी त्याच दिवशी पोचणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावे, फ्रीझरमध्ये नव्हे.

कॅन्सरमुळे पाणी झाले असेल तर पहिल्या नमुन्यात साधारण दहापैकी सहा जणांत पेशी सापडतात. दुसऱ्या वेळी आणखी काहींत सापडतात. तिसऱ्यांदा पाणी काढून फारसे हाती लागत नाही, तेव्हा दोनदा निगेटिव्ह आल्यावर छातीत दुर्बीण घालून आवरणाचा तुकडा घ्यावा, म्हणजे थोरॅकोस्कोपी. तिचे उत्तर नव्वद टक्क्यांच्या वर मिळते. पाण्यातले एडीए (टीबीत वाढणारे एक द्रव्य) ४० च्या वर आले म्हणून टीबीच, असे धरून बसू नये. बहुतेक वेळा तो टीबी असतोही, पण विडी ओढणाऱ्या पन्नाशीपुढच्या माणसाच्या फुफ्फुसात गाठ आणि बाजूला पाणी असेल तर एका आकड्यावर निकाल लावणे धोक्याचे आहे. पाण्यात कॅन्सरच्या पेशी निघाल्या तर आजार चौथ्या टप्प्यात धरतात, आणि मग मधल्या ग्रंथींना सुई लावून टप्पा ठरवायची गरजच उरत नाही. म्हणजे कदाचित ईबसचा खर्च आणि फेरा दोन्ही वाचतात.

मान आणि पाणी दोन्हींतून काही निघाले नाही तरच फुफ्फुसाकडे वळायचे. यकृतात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत डाग असेल तर त्याचाही विचार फुफ्फुसाआधी करायचा; म्हणून सीटी पोटाच्या वरच्या भागासकट झाले आहे का ते बघावे.

फुफ्फुसातल्या गाठीसाठी सीटीची सीडी समोर ठेवून दोन गोष्टी पाहायच्या. गाठ मोठ्या श्वासनलिकेला लागून आहे का, आणि गाठ बरगडीला टेकली आहे का. नळी बुजलेली दिसते, फुफ्फुसाचा तेवढा भाग बसला आहे, खोकल्यातून रक्त पडते, तर दुर्बिणीने गाठ डोळ्यांना दिसण्याची शक्यता मोठी. गाठ दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसली तर निदान दहापैकी जवळपास नऊ जणांत होते. तीच गाठ कडेला असेल तर साध्या दुर्बिणीचा हिशेब एकदम घसरतो: दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठीत दहापैकी सहा, त्याहून लहान गाठीत दहापैकी तीन-चार. कडेच्या गाठीला बाहेरून सीटीखाली लावलेली सुई सुमारे नव्वद टक्के उत्तर देते. म्हणून ‘आधी दुर्बीण करून बघू, नाही मिळाले तर सीटी’ हा सरसकट सल्ला कडेच्या गाठीला लावू नये. पेशंटला दोनदा उपाशी ठेवायचे, दोनदा गाडी करायची, आणि मधले दोन आठवडे हातचे जातात.

बरगडीला टेकलेल्या गाठीसाठी एक सोपी वाट आपल्याकडे फार कमी वापरली जाते, ती म्हणजे सोनोग्राफीखाली तुकडा. किरणे नाहीत, सुई जाताना पडद्यावर दिसते, मध्ये हवेचे फुफ्फुस येत नसल्याने छातीत हवा भरण्याचा धोका कमी, आणि सीटीच्या रांगेत थांबावे लागत नाही. फुफ्फुसाच्या अगदी शेंड्याच्या गाठी, ज्यांनी खांदा आणि हात दुखतो, त्यांनाही कधी कधी हसळीच्या वरून सोनोग्राफीने गाठता येते. रेडिओलॉजिस्टना हे नक्की विचारा.

सीटीखालची बायोप्सी प्रत्यक्षात अशी होते. गाठ ज्या बाजूने जवळ पडते त्याप्रमाणे पेशंटला पाठीवर, पोटावर किंवा कुशीवर निजवतात. त्वचेवर खुणेची पट्टी चिकटवून स्कॅन घेतात, त्यावरून जागा, कोन आणि खोली ठरते. लिग्नोकेनने फुफ्फुसाच्या आवरणापर्यंत बधिर करतात, आवरण भेदत नाहीत. मग १७ किंवा १९ गेजची पोकळ मार्गदर्शक सुई गाठीच्या कडेपर्यंत नेतात आणि तिच्या आतून १८ किंवा २० गेजच्या बंदुकीसारख्या सुईने तुकडे घेतात. मार्गदर्शक सुईमुळे आवरणाला भोक एकदाच पडते आणि तुकडे तीन-चार किंवा जास्त घेता येतात. पेशंटचे काम एकच, पण त्यावर सगळे अवलंबून असते: प्रत्येक वेळी श्वास तेवढाच घेऊन तेवढाच धरायचा. एकदा खोल आणि एकदा उथळ धरला तर गाठ खालीवर सरकते आणि सुई बाजूला जाते. घरी दोन दिवस आधीपासून साधा श्वास सोडून दहा-बारा सेकंद थांबायची सवय करून घ्यावी. ज्याला खोकल्याची उबळ थांबवता येत नाही त्याला खोकल्याचे औषध देऊन, उबळ आटोक्यात आल्यावरच टेबलावर घ्यावे.

इथे चुकते ते बहुधा गाठीच्या मधोमध सुई मारल्याने. मोठ्या गाठीचा मध्य सडलेला असतो, तिथून निघालेला तुकडा पांढरट, भुसभुशीत असतो आणि रिपोर्ट ‘नेक्रोसिस’ असा येतो. कॉन्ट्रास्ट दिलेल्या सीटीत गाठीचा जो भाग उजळ दिसतो, त्या जिवंत कडेतूनच तुकडा घ्यायला हवा.

नुसती बारीक सुई, म्हणजे एफएनएसी, की जाड सुईचा तुकडा? कॅन्सर आहे की नाही, एवढ्याच प्रश्नाला दोन्ही चांगले उत्तर देतात. पण आज तेवढ्या उत्तराने भागत नाही. अ‍ॅडेनो, स्क्वॅमस की स्मॉल सेल, यांपैकी कॅन्सरचा कोणता प्रकार हे कळायला हवे, आणि अ‍ॅडेनो असेल तर ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ आणि पीडी-एल१ या औषध ठरवणाऱ्या तपासण्याही. भारतात अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या साधारण चारातल्या एकात ईजीएफआरचा बदल सापडतो, आणि त्यांना केमोऐवजी गोळी चालते. ही गोळी मिळायची की नाही ते तुकडा पुरेसा आहे की नाही यावर ठरते. पीडी-एल१ मोजायलाच किमान १०० जिवंत कॅन्सरपेशी लागतात. त्यामुळे धोका फार नसेल तर जाड सुईचाच आग्रह धरावा.

धोका थोडा जास्त आहे हेही खरे. फुफ्फुसाभोवती हवा साठणे, ज्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात, ते जाड सुईत चारातल्या एकाला आणि बारीक सुईत पाचातल्या एकाला होते. पण बहुतेकांत ते थोडे असते आणि आपोआप जिरते. नळी घालावी लागते ती शंभरात पाच-सहा जणांना. थुंकीतून रक्त जाणे शंभरात चारेक जणांना, तेही बहुधा तासाभरात थांबते. वर्षानुवर्षे विडी आणि चुलीच्या धुराने फुगलेले फुफ्फुस, खोलवरची लहान गाठ आणि अनेकदा टोचणे यांनी हवा भरण्याचा धोका वाढतो. एकच फुफ्फुस काम करत असेल किंवा सुईच्या वाटेत हवेचे मोठे फुगे असतील तर ही पद्धत टाळावी.

दुर्बिणीबद्दल थोडक्यात. गाठ दिसली तर चिमट्याने किमान पाच तुकडे घ्यायला हवेत, दोन-तीनवर थांबू नये. सोबत ब्रशने खरवडलेल्या पेशी आणि नळीत सलाइन सोडून परत ओढलेले धुवणही पाठवावे. धुवणाचा एक भाग सीबीनॅटला गेला की टीबीचा प्रश्नही त्याच दिवशी सुटतो. गाठ श्वासनलिकेच्या अस्तराखाली लपलेली असेल तर चिमटा वरवरचाच पापुद्रा आणतो, तिथे दुर्बिणीतून सुई लावावी लागते. स्मॉल सेलच्या पेशी नाजूक असतात, चिमट्यात चिरडल्या की स्लाइडवर नुसत्या निळ्या रेघा दिसतात आणि पॅथॉलॉजिस्टला नाव देता येत नाही. नुसते ‘धुवण निगेटिव्ह’ या रिपोर्टला फार महत्त्व देऊ नये.

ईबस म्हणजे टोकाला सोनोग्राफी असलेली दुर्बीण. ती श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडच्या ग्रंथी दाखवते आणि २१ किंवा २२ गेजच्या सुईने त्यांतून नमुना घेते. मधल्या ग्रंथींसाठी तिचे उत्तर नव्वद टक्क्यांच्या आसपास, आणि छातीत हवा भरण्याचा धोका नगण्य. प्रत्येक ग्रंथीत निदान तीनदा सुई फिरवावी, जनुकीय तपासणी करायची असेल तर आणखी. ग्रंथी तपासताना क्रम महत्त्वाचा: आधी गाठीच्या विरुद्ध बाजूच्या, मग मधल्या, शेवटी गाठीजवळच्या. उलटे केले तर गाठीजवळच्या पेशी सुईबरोबर पुढे जातात आणि टप्पा खोटा वाढतो. महाधमनीच्या बाजूच्या पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या ग्रंथींपर्यंत ती पोचत नाही.

आपल्या भागासाठी ईबसचे खरे मोल वेगळेच आहे. इथे जुन्या टीबीने, चुलीच्या धुराने, आणि वणी-चंद्रपूरकडे खाणीच्या धुळीनेही, मधल्या ग्रंथी मोठ्या असतात आणि कॅन्सर उजळ दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये त्याही उजळतात. नुसत्या पेटवरून ‘ग्रंथीत पसरला’ म्हणून ऑपरेशन नाकारलेला माणूस बरा होण्याची संधी गमावून बसू शकतो. जिथे ऑपरेशनचा निर्णय ग्रंथींवर अडला आहे, तिथे त्या ग्रंथींतून नमुना घेतल्याशिवाय टप्पा लिहू नये. नागपूर आणि वर्धा परिसरातल्या काही मोठ्या केंद्रांत ईबस होते. नागपूरचे मेडिकल कॉलेज, एम्स, सेवाग्राम, सावंगी यांपैकी जे जवळ पडेल तिथे छातीविकार विभागात आधी फोन करून विचारावे, मगच निघावे. ईबसमध्ये उत्तर मिळाले नाही आणि संशय कायम असला तर सर्जन मानेतून दुर्बीण घालून ग्रंथी काढतात. ते शेवटचे.

रक्तातून जनुकीय तपासणी करणाऱ्या चाचणीची जाहिरात हल्ली खूप दिसते. ईजीएफआर रक्तात सापडला तर ते उत्तर धरता येते. सापडला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. कॅन्सरचा प्रकार ती सांगत नाही, त्यामुळे तुकड्याची जागा ती घेऊ शकत नाही. थुंकीची सायटोलॉजी फक्त अशा माणसासाठी, ज्याला टेबलावर निजवणेही शक्य नाही: सकाळच्या खोल खोकल्याचे तीन दिवसांचे तीन नमुने.

तुकडा निघाल्यावर पुढच्या पाच मिनिटांत जे होते त्याकडे नातेवाइकांनीही लक्ष द्यावे असे माझे ठाम मत आहे. चांगला तुकडा वाया जातो तो इथे. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तोही बफर केलेल्या, ताबडतोब जायला हवा. तुकड्याच्या किमान दहापट द्रव हवा. १० टक्के म्हणजे बाजारात मिळणाऱ्या फॉर्मॅलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग. घाईत बाटलीतले तसेच ओतले तर तुकडा कडक होतो. सलाइनमध्ये ठेवला तर सडतो. स्पिरिटमध्ये ठेवला तर आकसतो. टीबीसाठीचा वेगळा तुकडा मात्र सलाइनमध्येच ठेवायचा, कारण फॉर्मॅलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातून जंतू वाढवता येत नाहीत. म्हणजे बाटल्या दोन, आणि प्रत्येकीच्या अंगावर नाव, वय, बाजू, जागा, तारीख आणि वेळ; झाकणावर लिहू नये, झाकणे बदलतात. फॉर्मॅलिनमध्ये तुकडा ६ ते ४८ तास राहावा. शुक्रवारी संध्याकाळी काढलेला तुकडा सोमवारी दुपारपर्यंत बाटलीत पडून राहिला तर डीएनए खराब होऊ लागतो, म्हणून शक्यतो सोमवार ते बुधवार असा दिवस मागून घ्यावा.

फॉर्मवर ‘लंग मास’ एवढेच लिहू नका, लिहू देऊ नका. विडीचा इतिहास, एकेटी कधीपासून, सीटीत काय आहे, तुकडा कुठून घेतला, आणि ‘जनुकीय तपासणीसाठी टिश्यू राखून ठेवावा’ हे वाक्य त्यावर हवे. ते असले की पॅथॉलॉजिस्ट टीटीएफ-१ आणि पी४० असे दोन-तीनच रंग (पेशींचा प्रकार दाखवणाऱ्या तपासण्या) करून प्रकार ठरवतात आणि बाकीचा ठोकळा वाचवतात. नाहीतर दहा रंग करण्यात तुकडा संपतो, आणि ईजीएफआरसाठी पुन्हा सुई.

तारखेच्या आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या: क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस, वॉरफरिन पाच दिवस आधी थांबवून आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) १.५ च्या खाली आणावा लागतो. पण हृदयात स्टेंट असेल तर स्वतःहून एकही गोळी बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. प्लेटलेट ५०,००० च्या वर हवेत. बायोप्सीनंतर तासाभराने एक एक्स-रे आणि सोडायच्या आधी आणखी एक, एवढे तरी व्हायला हवे. दुपारी सुई आणि संध्याकाळच्या एसटीने परत, असा बेत करू नका. हवा कधी कधी काही तासांनी भरते, आणि वाटेत दम लागला तर नळी घालणारा कोणी जवळ नसतो. रात्र शहरातच काढा. भामरागड, एटापल्ली, धारणीकडच्या माणसांनी पावसाळ्यात दोन रात्री धराव्यात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अचानक दम, छातीत एका बाजूला कळ, ओंजळभर रक्त, यांपैकी काहीही झाले तर थेट आपत्कालीन विभाग. महात्मा फुले योजनेत तपासणीचा खर्च कधी बसतो आणि कधी नाही, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला तारीख घ्यायच्या आधी विचारावे. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवावे.

रिपोर्टमध्ये ‘दाह’, ‘नेक्रोसिस’, ‘संशयास्पद पेशी’ असे काही आले तर तो नकार समजू नये. सीटीत साडेचार सेंटिमीटरची गाठ असताना ‘कॅन्सर दिसला नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘सुई योग्य जागी पोचली नाही’ एवढाच असतो, आणि दहा-पंधरा दिवसांत दुसऱ्या वाटेने पुन्हा तुकडा घ्यायचा असतो. टीबीच्या गाठी म्हणजे ग्रॅन्युलोमा दिसला, सीबीनॅट पॉझिटिव्ह आले, तरी उपचार सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी सीटी करून गाठ कमी झाली का ते बघावेच. दोन्ही आजार एकाच फुफ्फुसात असू शकतात. आता चालू असलेली एकेटी मात्र घरच्या घरी बंद करू नका. नवा रिपोर्ट हाती घेऊन ती देणाऱ्या डॉक्टरांकडूनच तो निर्णय करून घ्या.

साधा रिपोर्ट आठवड्याभरात, रंगांचा त्यानंतर काही दिवसांत आणि जनुकीय साधारण दोन-तीन आठवड्यांत येतो. मेणाचा ठोकळा आणि स्लाइड मागून घ्या, पावती करून. दुसऱ्या मताला मुंबईला किंवा नागपूरला जाताना तोच ठोकळा चालतो, पुन्हा बायोप्सी लागत नाही. उन्हाळ्यात तो बंद गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. हे मेण साठ अंशांच्या आत वितळते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड तेवढा तापतो. ठोकळा कागदात गुंडाळून, डब्यात घालून अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. रिपोर्टची वाट बघत असताना चेहरा आणि मान सुजली, गळ्याच्या शिरा फुगल्या, किंवा पायांतली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी पेशंटला घेऊन या, रिपोर्ट आलेला असो वा नसो.